विश्लेषण : शॉपिंग मॉलच्या जनकानेच मॉल का नाकारले? कोण होते व्हिक्टर ग्रुएन?

अमेरिकेच्या मिशिगन, ओहायो, इलिनॉय, मिनेसोटा या राज्यांत आज अनेक ओस पडलेले मॉल दिसतात. काही पाडून तिथे गोदामे झाली, काहींची नुसती पार्किंगची मैदाने उरली. त्याच राज्यांतील जुन्या शहरांच्या बाजारपेठा त्याआधीच बसल्या होत्या. या दोन्ही घटनांच्या मुळाशी एकाच वास्तुरचनाकाराचे नाव येते, ते व्हिक्टर ग्रुएन यांचे. छताखालचा वातानुकूलित मॉल त्यांनी जगाला दिला. शहरे वाचवण्यासाठी आयुष्यभर आराखडेही त्यांनीच काढले. अखेरच्या काळात मॉलचे जनकत्व त्यांनी जाहीरपणे झटकले. हे कसे घडले, याचा हा आढावा.

व्हिएन्नातील तरुण वास्तुरचनाकार…

ग्रुएन यांचे मूळ नाव व्हिक्टर ग्रुनबाउम. जन्म १८ जुलै १९०३ रोजी व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात झाला. वडील वकील होते, पण ते लवकर वारले आणि घरची जबाबदारी व्हिक्टर यांच्यावर आली. व्हिएन्नाच्या ललित कला अकादमीत त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. पुढे काही वर्षे नोकरी करून १९३३ मध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला. कामे लहान होती, मुख्यतः जुन्या दुकानांना नवे रूप देण्याची.

दिवसा दुकानांची कामे आणि रात्री रंगमंच, असा त्यांचा दिनक्रम होता. ते समाजवादी विचारांचे होते आणि राजकीय व्यंगनाट्याच्या मंडळींत लिहीत, अभिनय करीत. त्या काळात व्हिएन्नात समाजवादी नगरपालिकेने कामगारांसाठी मोठ्या गृहसंकुलांचा कार्यक्रम राबवला होता. शहर म्हणजे चालत फिरायची, थांबायची, चार लोकांना भेटायची जागा, ही त्यांची कल्पना इथल्या चौकांत आणि कॅफेंत घडली. पुढे अमेरिकेत त्यांनी जे जे उभारले, त्यामागे हेच व्हिएन्ना होते.

अमेरिकेत कसे पोहोचले?

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. ज्यू आणि समाजवादी अशा दोन्ही कारणांनी ग्रुएन यांना तिथे राहणे अशक्य झाले. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला पोहोचले. खिशात आठ डॉलर होते आणि सोबत आराखडे काढण्याची टी-पट्टी, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. पुढे त्यांनी ग्रुनबाउमचे ग्रुएन केले आणि १९४३ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

पहिले नाव झाले ते एका चामडी वस्तूंच्या दुकानामुळे. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील या दुकानाचा दरवाजा त्यांनी १९३९ मध्ये फुटपाथपासून आत ओढून घेतला. दरवाजा आणि फुटपाथ यांच्या मधल्या जागेत काचेच्या पेट्यांमध्ये माल मांडला. रस्त्याने जाणारा माणूस वस्तू पाहत पाहत नकळत दुकानाच्या दाराशी येई. रंगभूमीवर प्रेक्षकाची नजर कशी खेचायची, हे त्यांना ठाऊक होते. तेच त्यांनी दुकानदारीत आणले. यानंतर कामे मिळत गेली. एल्सी क्रुमेक या डिझायनरसोबत त्यांनी भागीदारी केली, दोघांचे लग्नही झाले आणि १९४०च्या दशकात ते लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. १९५१ मध्ये ‘व्हिक्टर ग्रुएन असोसिएट्स’ ही त्यांची मोठी संस्था उभी राहिली.

मॉलची कल्पना सुचली कशी?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शहरांतून लोक भराभर बाहेर पडू लागले. सरकारी हमीमुळे स्वस्त झालेले गृहकर्ज, घरटी मोटार आणि नवे रुंद रस्ते यांमुळे उपनगरे पसरत गेली. या उपनगरांत घरे होती, पण गाव नव्हते. चौक, बाग, बाजार, वाचनालय यांपैकी काहीच नाही. दुकाने होती ती हमरस्त्याच्या कडेला मैलोन् मैल ओळीने लागलेली. प्रत्येक दुकानासाठी गाडी काढायची आणि प्रत्येक ठिकाणी पार्क करायची. ग्रुएन यांना हा प्रकार कुरूप आणि माणसाला एकटे पाडणारा वाटे.

१९४३ मध्ये एका वास्तुकला मासिकाने युद्धोत्तर शहराविषयी कल्पना मागवल्या. तेव्हा ग्रुएन आणि क्रुमेक यांनी दुकाने, वाचनालय, टपाल कार्यालय अशा सोयी एकत्र आणणारे केंद्र सुचवले. गाड्या बाहेर ठेवायच्या आणि आत माणसांनी पायी फिरायचे, हे त्याचे सूत्र. दुकानांचा नफा हे त्यांच्या लेखी साधन होते. त्या नफ्याच्या जोरावर उपनगराला गावकीचा चौक मिळावा, हा हेतू होता.

डेट्रॉईटचे नॉर्थलँड का महत्त्वाचे?

मोटार उद्योगाची राजधानी असलेल्या डेट्रॉईटमध्ये हडसन्स हे प्रचंड डिपार्टमेंट स्टोअर होते. वुडवर्ड ॲव्हेन्यूवरील त्याची इमारत या प्रकारातील जगात सर्वांत उंच मानली जाई. गिऱ्हाईक उपनगरांत जात होते आणि हडसन्स मात्र शहराच्या मध्यात अडकले होते. शहराबाहेर नुसती शाखा काढण्याऐवजी पूर्ण बाजारपेठच उभारा, हे ग्रुएन यांनी हडसन्सच्या संचालकांच्या गळी उतरवले.

२२ मार्च १९५४ रोजी डेट्रॉईटच्या सीमेबाहेर साउथफील्ड इथे नॉर्थलँड सेंटर सुरू झाले. त्या वेळी ते जगातील सर्वांत मोठे शॉपिंग सेंटर होते. मधोमध हडसन्स, सभोवती दुकानांच्या इमारती आणि त्यांच्या मधून बागा, अंगणे, कारंजी, शिल्पे. वर छप्पर नव्हते. सभागृहे होती, नागरिकांच्या बैठका होत. लोक खरेदी नसली तरी येऊ लागले. आपली कल्पना खरी ठरली, असे ग्रुएन यांना वाटले.

साउथडेल : पहिला बंदिस्त मॉल

मिनियापोलिसमध्ये हिवाळा हाडे गोठवणारा आणि उन्हाळा दमट. वर्षातले जेमतेम सव्वाशे दिवस बाहेर फिरून खरेदी करण्याजोगे असतात, असा ग्रुएन यांचा हिशेब होता. म्हणून इथल्या डेटन्स कंपनीसाठी त्यांनी सगळ्या बाजारपेठेवर छप्पर घातले. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी एडायना या उपनगरात साउथडेल सेंटर उघडले. खर्च सुमारे २ कोटी डॉलर, दुकाने ७२ आणि गाड्यांसाठी पाच हजारांहून अधिक जागा.

आतले तापमान वर्षभर सुमारे २४ अंश सेल्सिअस राखलेले होते. मध्यभागी उंच छताचा चौक, झाडे, पक्ष्यांचा मोठा पिंजरा, बसायला बाके आणि कॅफे होते. डेटन्स आणि डोनाल्डसन्स ही दोन स्पर्धक स्टोअर एकाच छताखाली आणणे, हेही त्या काळी नवे होते. दोन मजल्यांना जोडणारे सरकते जिने होते. पार्किंगही अशा उतारावर केले होते की दोन्ही मजल्यांवर थेट प्रवेश करता येई. पहिल्याच दिवशी सुमारे ७५ हजार लोक आले. फ्रँक लॉईड राइट यांच्यासारख्या ज्येष्ठ वास्तुरचनाकाराने मात्र त्यावर कडक टीका केली.

मूळ आराखड्यात मॉल हा फक्त मधला भाग होता. एकूण सुमारे ४६० एकर जागेवर घरे, अपार्टमेंट, शाळा, दवाखाने, बाग आणि तलाव असे पूर्ण गाव वसवायचे होते. मॉल झाला आणि भोवतालच्या जमिनीचे भाव चढले. मग आराखड्याप्रमाणे गाव वसवण्यापेक्षा भूखंड विकणे फायद्याचे ठरले. ग्रुएन यांच्या स्वप्नातला चौक बांधला गेला, पण त्याभोवतीचे गाव बांधले गेले नाही. चौकाभोवती उरला तो पार्किंगचा डांबरी समुद्र.

मॉलचे पीक इतके झपाट्याने का वाढले?

लोकांची आवड हे एक कारण झाले. दुसरे कारण करकायद्यात होते. १९५४ मध्ये अमेरिकेने नव्या व्यापारी इमारतींवर घसाऱ्याची वजावट आधीच्या वर्षांत जास्त घेण्याची मुभा दिली. समजा, इमारतीचे आयुष्य ४० वर्षे धरले आहे. पूर्वी दर वर्षी किमतीचा चाळिसावा भाग उत्पन्नातून वजा करता येई. नव्या नियमाने सुरुवातीच्या वर्षांत वजावट कितीतरी मोठी झाली. त्यामुळे हातात पैसा येत असतानाही कागदावर तोटा दिसे आणि इतर उत्पन्नावरचा कर वाचे. ही सवलत नव्या बांधकामाला होती. जुन्या बाजारातील इमारत दुरुस्त करणाऱ्याला तिचा तसा लाभ नव्हता. त्यामुळे शहराबाहेरच्या स्वस्त जमिनीवर मॉल बांधणे, काही वर्षे वजावट घेणे आणि विकून पुढचा बांधणे हा धंदाच झाला. या करनियमाचा आणि मॉलच्या लाटेचा संबंध इतिहासकार थॉमस हँचेट यांनी १९९६ मध्ये सविस्तर मांडला.

१९५६ मध्ये महामार्ग कायदा आला आणि सुमारे ६६ हजार किलोमीटरच्या आंतरराज्य महामार्गांचे जाळे ठरले. खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारने उचलला. जिथे दोन महामार्ग मिळतात तिथे मॉल, हे समीकरण झाले. ग्रुएन यांचा नमुना सर्वांनी उचलला, पण त्यातले वाचनालय, सभागृह, टपाल कार्यालय वगळून. भाडे न देणारी जागा कोणालाच नको होती.

जुन्या शहरांचे काय झाले?

इथे अमेरिकी स्थानिक कारभाराची रचना समजून घ्यावी लागते. तिथे उपनगर ही बहुधा स्वतंत्र नगरपालिका असते. मालमत्ता कर तिच्याच तिजोरीत जातो आणि शाळा, पोलीस, रस्ते यांचा मोठा खर्च त्यातूनच चालतो. नॉर्थलँडचा कर साउथफील्डला मिळत होता, डेट्रॉईटला नव्हे. पुण्याची लक्ष्मी रोडची पेठ उठून हद्दीबाहेर गेली आणि तिचा कर दुसऱ्याच नगरपालिकेला मिळू लागला तर काय होईल, तसे हे झाले. दुकाने गेली की कर घटतो, कर घटला की सेवा खालावतात आणि मग उरलेले लोकही निघतात.

मॉल हे याचे एकमेव कारण नव्हते. मोटारींचे कारखाने आधीच शहराबाहेर हलत होते. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना गृहकर्जाची हमी नाकारली जात होती आणि अनेक उपनगरांत त्यांना घर मिळणे अशक्य होते. म्हणजे बाहेर पडण्याचा पर्याय प्रामुख्याने गोऱ्या कुटुंबांना होता. डेट्रॉईटमधील ‘ब्लॅक बॉटम’ ही कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती नूतनीकरण आणि महामार्ग यांसाठी पाडली गेली. १९५० मध्ये डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. २०२० मध्ये ती सुमारे ६ लाख ३९ हजारांवर आली. ज्या हडसन्सने नॉर्थलँड उभारले, त्याचे वुडवर्डवरील मूळ दुकान १९८३ मध्ये बंद झाले आणि १९९८ मध्ये ती इमारत स्फोटकांनी पाडण्यात आली.

ग्रुएन यांनी शहरे वाचवण्याचा प्रयत्न केला का?

केला आणि मोठ्या जिद्दीने केला. १९५६ मध्ये टेक्सासमधील फोर्ट वर्थसाठी त्यांनी आराखडा दिला. शहराच्या मध्यभागाला वळसा घालणारा महामार्ग, त्याला लागून मोठी वाहनतळे, मालवाहतूक जमिनीखालून आणि आतला सगळा भाग पादचाऱ्यांसाठी. मोठ्या नगररचना प्रकल्पांच्या कठोर टीकाकार जेन जेकब्स यांनीही या आराखड्याचे कौतुक केले. पण वाहनतळांचे मालक, राज्याचे राजकारण आणि खर्च यांत तो अडकला आणि प्रत्यक्षात आला नाही.

मिशिगनमधील कालामाझू या लहान शहराने त्यांची सूचना अंशतः स्वीकारली. ऑगस्ट १९५९ मध्ये तिथल्या बर्डिक स्ट्रीटचा एक भाग गाड्यांसाठी बंद करून पादचारी मार्ग करण्यात आला. अमेरिकेतील मध्यवर्ती बाजारातला हा अशा प्रकारचा पहिला मार्ग मानला जातो. वळण रस्ता आणि वाहनतळे यांचा उरलेला आराखडा मात्र कागदावरच राहिला. कालामाझूचे अनुकरण अनेक शहरांनी केले. ग्राहकच उपनगरात राहायला गेलेले असताना केवळ रस्ता बंद करून बाजार परतला नाही आणि बहुतेक ठिकाणी गाड्या पुन्हा सोडाव्या लागल्या. कालामाझूनेही १९९०च्या दशकाच्या अखेरीस मार्गाच्या काही भागात वाहने येऊ दिली. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरमध्ये ग्रुएन यांनी १९६२ मध्ये शहराच्या मध्यातच बंदिस्त मॉल उभारला, मिडटाउन प्लाझा. प्रारंभी त्याची वाहवा झाली, २००८ मध्ये तो बंद पडला आणि पुढे पाडला गेला.

या प्रयत्नांची दुसरी बाजूही आहे. शहर वाचवायचे तर जुने पाडून नवे बांधायचे, या त्या काळच्या समजुतीतून ग्रुएन सुटलेले नव्हते. बोस्टनमधील वेस्ट एंड ही स्थलांतरित कष्टकऱ्यांची दाट वस्ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस जमीनदोस्त झाली. तिच्या जागी आलेल्या उंच, महागड्या इमारतींच्या संकुलाचा आराखडा त्यांच्याच संस्थेचा होता. डेट्रॉईटमध्ये ब्लॅक बॉटमच्या मोकळ्या केलेल्या जागेच्या नव्या आराखड्यावरही त्यांनी काम केले. व्हिएन्नाच्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाला त्या वस्त्यांमध्ये आधीच असलेला चौक, ओटा, कट्टा दिसला नाही.

‘ग्रुएन इफेक्ट’ म्हणजे काय?

एखादी ठरावीक वस्तू घ्यायला आलेला ग्राहक मॉलमधील प्रकाश, संगीत, वळणे आणि मांडणी यांत हरवतो. मग मनात नसलेल्या वस्तूही घेऊ लागतो. या क्षणाला ‘ग्रुएन इफेक्ट’ किंवा ‘ग्रुएन ट्रान्सफर’ म्हणतात. घड्याळ न दिसणे, सरकते जिने एकमेकांपासून दूर असणे, मोठी स्टोअर दोन टोकांना ठेवणे हे त्याच विचाराचे प्रकार मानले जातात. माणसाला गोंधळात पाडणे हा ग्रुएन यांचा हेतू नव्हता. पण दुकानाचे दार आत ओढून गिऱ्हाईक खेचण्याची युक्ती फिफ्थ ॲव्हेन्यूवर त्यांनीच यशस्वी करून दाखवली होती. त्यामुळे हे नाव अगदीच अन्यायाचे म्हणता येत नाही.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९६४ मधील ‘द हार्ट ऑफ अवर सिटीज’ या पुस्तकात त्यांनी मोटारीच्या अतिरेकावर आणि पसरत जाणाऱ्या उपनगरांवर टीका केली. १९६८ मध्ये स्वतःच्याच संस्थेतून निवृत्त होऊन ते व्हिएन्नाला परतले. तिथे जुन्या शहराचा मध्यभाग गाड्यांपासून मुक्त करण्याच्या आराखड्यावर त्यांनी काम केले. १९७४ मध्ये कार्टनर स्ट्रासे हा मुख्य रस्ता पादचाऱ्यांसाठी खुला झाला. अमेरिकेत फसलेली कल्पना इथे रुजली, कारण त्या रस्त्याभोवती लोक राहत होते आणि पायाखाली सार्वजनिक वाहतूक येत होती.

पण मॉलने त्यांची पाठ सोडली नाही. १९७६ मध्ये व्हिएन्नाच्या दक्षिणेला अमेरिकी धर्तीचे अवाढव्य शॉपिंग सेंटर सुरू झाले. ज्या शहराच्या आठवणीतून त्यांनी मॉल घडवला, त्याच शहराच्या दुकानदारांना आता मॉलची झळ लागू लागली. १९७८ मध्ये लंडनमधील भाषणात त्यांनी हे सगळे अनौरस प्रकल्प असल्याचे सांगून त्यांचे पितृत्व नाकारले. १४ फेब्रुवारी १९८० रोजी व्हिएन्नातच त्यांचे निधन झाले.

आज मॉलची स्थिती काय?

क्लीव्हलँडजवळचा रँडल पार्क मॉल १९७६ मध्ये उघडला तेव्हा जगातील सर्वांत मोठ्या मॉलपैकी एक होता. २००९ मध्ये तो बंद झाला. २०१८ पासून तिथे ॲमेझॉनचे वितरण केंद्र आहे. ॲक्रनमधील रोलिंग एकर्स मॉलच्या जागीही तेच झाले. शिकागोजवळचा डिक्सी स्क्वेअर मॉल अवघ्या १२ वर्षांत बंद पडला आणि नंतर तीन दशके भग्नावस्थेत उभा होता. ग्रुएन यांचे नॉर्थलँड २०१५ मध्ये बंद झाले. म्हणजे मॉलने आधी जुन्या पेठा रिकाम्या केल्या, नंतर दूरचे मोठे मॉल आणि ऑनलाइन खरेदी यांनी मॉल रिकामे केले. करावर अवलंबून असलेल्या नगरपालिकांना फटका दोन्ही वेळा बसला.

साउथडेल मात्र अजून सुरू आहे. गेल्या काही वर्षांत त्याच्या पार्किंगच्या जागेत अपार्टमेंट उभी राहिली आणि एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या जागी मोठी व्यायामशाळा आली. मॉलच्या शेजारी घरे असावीत, ही ग्रुएन यांची १९५६ मधील अट जवळपास साठ वर्षांनी, धंद्याची गरज म्हणून पाळली जाऊ लागली.

भारतात हा प्रकार उशिरा आला. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ मध्ये क्रॉसरोड्स सुरू झाला, तर लोअर परळमध्ये गिरणीच्या जागेवर फिनिक्स उभा राहिला. इथले मॉल आधी शहराच्या आतच, दाट वस्तीत आले हा मोठा फरक. मात्र महामार्ग, रिंगरोड आणि टाउनशिप यांच्या सोबतीने शहरे बाहेर पसरत असताना ग्रुएन यांच्या आयुष्यातून दोन प्रश्न इथेही लागू पडतात. आराखड्यातील शाळा, बाग, वाचनालय विक्रीच्या आधी बांधायचे की नंतर आणि नव्या बाजाराचा कर कोणाच्या तिजोरीत जाणार, हे ते दोन प्रश्न. साउथडेल आणि नॉर्थलँडच्या वेळी त्यांची उत्तरे बांधकामापूर्वी ठरली नव्हती.